नांदूरमध्यमेश्वर : ससाण्याच्या सावलीतील जलाशय

फेब्रुवारीतील प्रातःकाळ. निफाड तालुक्यातील चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दिसणारा जलाशय अद्याप धुक्याच्या दुलईत असतो. पाणकणसांच्या कडेने काळेभोर वारकरी पोहत असतात. पलीकडे उथळ पाण्यात थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक विसावलेले असतात. इतक्यात पाणकणसांच्या शेंड्यांना जणू स्पर्श करीत एक तपकिरी पक्षी संथपणे येतो. पंख किंचित उंचावलेले, दृष्टी खाली खिळलेली. हा दलदल ससाणा, अर्थात मार्श हॅरियर. क्षणार्धात विखुरलेले वारकरी एकमेकांना खेटतात, बदकांचे थवे आकाशात झेपावतात आणि शांत जलाशय पंखांच्या आवाजाने भरून जातो.

बहुतेक वेळा ससाणा रिकाम्या पंजांनीच पुढे जातो. धडधाकट बदक पकडणे त्यालाही सोपे नसते. त्याच्या फेऱ्या चालतात त्या मागे रेंगाळणाऱ्या, आजारी वा जखमी पक्ष्याच्या शोधात. घुबडासारख्या चेहऱ्यामुळे गवताआडची खसखसही तो टिपतो. उंदीर, बेडूक, लहान पक्षी असे विपुल भक्ष्य असेल तेथेच तो हिवाळा काढतो. म्हणूनच त्याचे येणे हे पाणथळ भूमीच्या समृद्धीचे प्रमाणपत्र ठरते.

ही समृद्धी मात्र कोणी योजून निर्माण केलेली नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत बंधारा बांधला गेला तो सिंचनासाठी. नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, साठवणक्षमता घटली आणि उथळ पाणी, बेटे व दलदल तयार झाली. अभियंत्यांच्या लेखी जो तोटा, तोच पक्ष्यांच्या खाती जमा झाला! १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले, तर २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची नोंद जाहीर झाली.

हिवाळा सरताना येथील समतोल अधिकच नाजूक होतो. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबांना परतीच्या प्रवासासाठी अंगी चरबी साठवायची असते. त्याच सुमारास गोदावरीच्या कालव्यांवरील शेतीलाही आवर्तन हवे असते. पाणी फार वाढले तर तळाशी चोच न पोहोचणारी बदके उपाशी राहतात. फार ओसरले तर त्यांचा आसराच उघडा पडतो. जलपर्णीचे आक्रमण हे आणखी एक संकट. शेतकऱ्याचे पीक आणि पाहुण्यांचा शिधा एकाच साठ्यातून निघतो, याचे भान ठेवूनच पाण्याचे नियोजन व्हावयास हवे.

नाशिकहून सुमारे ४० किलोमीटरवरील या स्थळी सूर्योदयापूर्वी पोहोचावे. सोबत दुर्बीण असावी, वस्त्रे मातकट रंगाची असावीत आणि बोलणे हलके असावे. छायाचित्रासाठी थवे उठविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ससाण्यामुळे होणारी धावपळ निसर्गक्रमातली असते. माणसाने घडविलेली प्रत्येक भरारी मात्र दूरच्या प्रवासासाठी राखलेल्या शक्तीतून वजा होते.