परदेशस्थांच्या देणग्या आणि शासनाची जबाबदारी

नागरिकांनी स्वखुशीने परदेशातील सशस्त्र संघटनेस द्रव्यसाहाय्य केले, तर त्याचा दोष त्यांच्या शासनाकडे जातो काय, हा आंतरराष्ट्रीय विधीतील एक बिकट प्रश्न होय. आयर्लंडच्या उदाहरणावरून त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

१९७० साली न्यूयॉर्क येथे ‘आयरिश नॉर्दर्न एड कमिटी’ ऊर्फ ‘नोरेड’ ही संस्था स्थापन झाली. उत्तर आयर्लंडमधील कैद्यांच्या कुटुंबीयांस साहाय्य करणे हा तिचा जाहीर हेतू होता. हा पैसा प्रोव्हिजनल आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या शस्त्रखरेदीकडे वळतो, असा ब्रिटिश शासनाचा आरोप होता. तथापि अमेरिकन शासनाने या देणग्यांवर बंदी घातली नाही. परकीयांच्या हस्तकांची नोंदणी करणाऱ्या १९३८ च्या कायद्यान्वये, आपण कोणासाठी काम करतो हे संस्थेने उघड करावे, एवढाच आग्रह त्याने धरला. १९८१ मध्ये न्यायालयाने शासनाच्या बाजूने निर्णय दिला. १९८२ साली शस्त्रे पाठविल्याच्या खटल्यातून संस्थापकांपैकी मायकेल फ्लॅनरी व अन्य चौघे निर्दोष सुटले. या व्यवहारास अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संघटनेची संमती आहे अशी आपली समजूत होती, हा त्यांचा बचाव होता.

खाजगी व्यक्तीचे कृत्य हे राज्याचे कृत्य नव्हे, हा सामान्य नियम आहे. ते राज्याच्या आदेशाने वा नियंत्रणाखाली घडले तरच त्याचा भार राज्यावर पडतो. परंतु राज्याची स्वतःची उपेक्षा हा निराळा दोष होय. १९७० सालीच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जाहीर केले, की दुसऱ्या राज्याची सत्ता बळाने उलथविणाऱ्या कृत्यांस राज्याने पैसा पुरवू नये. तशी कृत्ये खपवूनही घेऊ नयेत. सुरक्षा समितीच्या २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवादासाठी हेतुपुरस्सर निधी गोळा करणे हा गुन्हा ठरविणे सर्व राज्यांस बंधनकारक केले.

यातही एक अडचण उरतेच. कैद्याच्या मुलांना मिळालेले अन्न हे साहाय्यच असते. पण त्यामुळे संघटनेचा तेवढा खर्च वाचतो. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच विचारसरणीस मान्यता दिली. मात्र ती सरसकट लावल्यास खऱ्या भूतदयेसही कायद्याची भीती वाटू लागेल. म्हणून शासनाची जबाबदारी ठरविताना दात्याच्या सहानुभूतीपेक्षा, पैसा कोठे जातो हे शासनास किती ठाऊक होते आणि ते कळल्यावर त्याने काय केले, हेच पाहणे युक्त ठरते.