दोनशे जणांचं एक पाऊल



आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण तुम्हाला परका वाटणार नाही. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा, बडोद्यात असा नाहीतर हैदराबादेत, कुठलंतरी ढोल-ताशा पथक किंवा शाळेतलं लेझीम तुम्ही पाहिलेलंच असणार. दिल्लीत असाल तर २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीटही पाहिलं असेल. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मार्चिंग बँड याच घराण्यातले. फुटबॉलच्या सामन्यात २० मिनिटांचं मध्यंतर होतं आणि दोनशेएक विद्यार्थी मैदानात उतरतात. ते वाजवतात, चालतात, चालता चालता अक्षरं काढतात, आणि कुणी कुणावर आदळत नाही. हे व्हिडिओ मी गंमत म्हणून बघायला लागलो. पण संगीतापेक्षा मला त्यामागचा हिशोब जास्त आवडला. आज तोच सांगतो.

आधी हे आलं कुठून? १८६२ साली अमेरिकेत मॉरिल कायदा झाला. सरकारी जमिनीच्या आधारावर कॉलेजं उभी राहिली आणि तिथे शेती, यंत्रविद्या यांच्यासोबत लष्करी कवायतीचंही शिक्षण आलं. कवायत म्हटली की ढोल लागतोच. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड १८७८ साली असाच कवायतीसाठी सुरू झाला. मग १९०७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने सरळ रांगा मोडून मैदानावर 'पी' हे अक्षर उभं केलं. तिथून हे बँड मैदानावर चित्रं काढायला लागले.

आता हिशोबाकडे येऊ. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची लांबी १०० यार्ड, आणि दर ५ यार्डांवर पांढरी रेघ. बहुतेक बँड ५ यार्ड अंतर बरोबर ८ पावलांत कापतात. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. माणूस सहा फुटी असो की पाच फुटी, पाऊल तेवढंच. उंच मुलाने आखडतं घ्यायचं, बुटक्या मुलीने लांब टाकायचं. प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो. या सुरावटीच्या शेवटी तू अमुक रेघेच्या डावीकडे दोन पावलं, कडेपासून इतकी पावलं, असं त्यावर लिहिलेलं असतं. या जागेला ते 'डॉट' म्हणतात, म्हणजे ठिपका. रांगोळीचे ठिपके आठवा. फरक एवढाच, की इथे ठिपके स्वतः चालतात.

चालण्यातही प्रकार आहेत. काही बँड गुडघा उंच उचलतात. काही आधी टाच टेकवून पाऊल चवड्यापर्यंत सावकाश उतरवतात, म्हणजे वरचं शरीर हलत नाही आणि ओठांवरचं ट्रम्पेट डळमळत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पायांची नाही, कानांची आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे लांबच्या मित्राचं ऐकून वाजवलंत, की तुम्ही अर्धा ठोका मागे पडलात! म्हणून नियम असा, की बाजूला पसरलेल्यांनी कानावर विसंबायचं नाही, समोरच्या ड्रम मेजरचे हात बघायचे. ढोल मागे असतील तर तेही हातच बघतात. पुढच्या रांगांनी मात्र मागून येणाऱ्या ढोलाचा आवाज कानाशी आला की त्याच्याबरोबर वाजवायचं, म्हणजे सगळा आवाज प्रेक्षकांकडे एकत्र पोहोचतो. स्वतःच्या कानाला बरोबर वाटतंय ते बाजूला ठेवायचं आणि समोरच्या हातावर विश्वास टाकायचा. शिस्त या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला सापडलेला नाही.

आता प्रश्न असा. शेजारचा मुलगा चुकला, त्याच्या ठिपक्यापासून दोन पावलं सरकला. मी काय करायचं? माझ्या ठिपक्यावर जायचं की त्याच्याशी रांग जुळवायची? बऱ्याच बँडमध्ये याचं उत्तर दोन भागांत देतात. सरावात आपापल्या ठिपक्यावरच जायचं, म्हणजे चूक उघडी पडते आणि दुरुस्त होते. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र शेजाऱ्याला सांभाळून रांग सरळ ठेवायची. सरावात चूक झाकायची नाही, लोकांसमोर माणसाला उघडं पाडायचं नाही. हा नियम मैदानाबाहेर, ऑफिसात आणि घरातही चालेल.

ओहायो स्टेटची खास ओळख म्हणजे १९३६ पासून चालत आलेलं 'स्क्रिप्ट ओहायो'. चालत्या रांगेतून 'ओहायो' हा शब्द वळणदार इंग्रजी अक्षरांत उमटतो, आणि शेवटी एक सुझाफोनवादक ऐटीत येऊन 'आय'वरचं टिंब होतो. सुझाफोन म्हणजे अंगाभोवती वेढा घालणारं अवजड पितळी वाद्य, एरवी मागच्या रांगेत धीम्या सुरात वाजणारं. टिंब होण्याचा मान बँडमध्ये किमान चौथं वर्ष असलेल्यालाच मिळतो. तिथे राखीव वादकही असतात, आणि त्यांनी नियमित वादकाला आव्हान देऊन त्याची जागा जिंकायची परंपरा आहे. म्हणजे जागा कायमची कुणाचीच नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग १००' हा कृष्णवर्णीय परंपरेतला अतिशय नावाजलेला बँड. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या संचलनात तो वाजला होता. त्याच बँडमध्ये नोव्हेंबर २०११ मध्ये बसमध्ये झालेल्या रॅगिंगच्या मारहाणीत एका ड्रम मेजरचा जीव गेला. बँड बंद ठेवला गेला आणि २०१३ मध्येच पुन्हा मैदानात उतरला. 'सोसलं तरच आपला' या समजुतीला तिथे शिस्तीचं नाव मिळालं होतं. एकाच्याही पाठीवर वळ उठवून दोनशे पावलं जुळत नसतात. साडेबावीस इंच सरावाने जमतात, भीतीने नाही.

आपल्याकडेही पथकं वाढताहेत, पुण्याबाहेर आणि महाराष्ट्राबाहेरही. तुमच्या गावातल्या पथकाच्या सरावाला एकदा जाऊन उभे राहा. कोण जोरात वाजवतो ते बघू नका. चूक झाल्यावर प्रमुख काय करतो, ते बघा. ओरडतो, की 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणून स्वतःही जागेवर परत जातो? पथक किती टिकेल, हे तिथेच कळतं.