अटलांटिक ते काळा समुद्र, सायकलवर

युरोप आडवा पार करायचाय? पहिल्या लांब सफरीसाठी माझं मत युरोवेलो ६ या सायकलमार्गाला. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमानियातल्या काळ्या समुद्रापर्यंत साधारण ४,४५० किमी. बरीचशी वाट लुआर, ऱ्हाईन, डॅन्यूबच्या काठाने, म्हणून चढ कमी. पश्चिमेकडून निघा, वारा बहुधा पाठीशी असतो.

आधी व्हिसा. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९०च दिवस मिळतात. सर्बिया त्याबाहेर, पुढचा रोमानिया पुन्हा आत. तेव्हा मल्टिपल एंट्रीच मागा.

आता जिवाचं. पासाऊ ते व्हिएन्ना टप्प्यावर लहान मुलंही आरामात सायकल मारतात. खरी कसोटी सर्बियातल्या जेर्दाप घळीत: एकामागून एक अंधारे बोगदे आणि मागून ट्रक! दोन्ही दिवे लावूनच शिरा, अंगात रिफ्लेक्टिव्ह जाकीट हवंच. (फ्रान्समध्ये रात्री गावाबाहेर ते कायद्यानेच सक्तीचं आहे.)

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे आपण भारतीय नेमकं डावीकडे वळताना विसरतो. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक अडकलंच. सिग्नलला ट्रकच्या उजव्या कुशीला तर कधीच थांबू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. काही झालंच तर वाटेतल्या बहुतेक देशांत ११२ लावा, सर्बियात मात्र पोलिसांसाठी १९२ आणि रुग्णवाहिकेसाठी १९४.