बंदूक नेमकी कुठल्या भागात असते?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रायफलची नळी कुरिअरने थेट घरी येते. बोल्ट, दस्ता, दुर्बीण, चापाचा अख्खा संचही तसाच येतो, आणि यांपैकी कशासाठीही संघराज्याचा कायदा घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासायला सांगत नाही. अडतं ते ॲल्युमिनियमच्या एका पोकळ तुकड्यापाशी. त्याला नळी नसते, त्यात काडतूस ठेवता येत नाही, नुसता टेबलावर ठेवला तर तो कशाचा भाग आहे हेही अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. तरीही तो नवा घ्यायचा असेल तर परवानाधारक दुकानात जाऊन फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पूर्वपीठिकेची तपासणी व्हावी लागते. या तुकड्याला लोअर रिसीव्हर म्हणतात. कायद्याच्या नजरेत तोच बंदूक आहे. बाकी सगळे सुटे भाग.

अमेरिकेत घरी जुळवल्या जाणाऱ्या रायफलींबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीतून जन्मतात. ही रायफल म्हणजे बहुतेक वेळा एआर-१५ किंवा तिच्या जातीची.

नावापासूनच सुरुवात होते. ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ किंवा ‘ऑटोमॅटिक रायफल’ असं अनेकजण धरून चालतात. ती अक्षरं आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आली. फेअरचाइल्ड या विमाननिर्मात्या कंपनीचा हा विभाग १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि याच मालिकेतली एआर-१७ ही चक्क छऱ्यांची शॉटगन होती. कंपनीचे मुख्य अभियंता यूजीन स्टोनर यांनी आधी एआर-१० बनवली. तिची लहान, हलकी आवृत्ती म्हणजे एआर-१५. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टकडे गेले. सैन्याने घेतलेली तिची आवृत्ती एम-१६ म्हणून ओळखली जाते. कोल्टने १९६४ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जी काढली ती अर्धस्वयंचलित होती, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. पुढची गोळी चेंबरमध्ये आपोआप चढते, पण ती झाडायला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. स्टोनर यांच्या मूळ पेटंटची मुदत १९७० च्या दशकात संपली. त्यानंतर लहानमोठ्या असंख्य कारखान्यांनी हे भाग बनवायला घेतले आणि सुट्या भागांची बाजारपेठ उभी राहिली.

‘सैन्याच्या दर्जाचा भाग’ असं जाहिरातीत लिहिलं की तो सर्वोत्तम, हा खरेदीदारांचा सर्वांत लाडका समज. ‘मिल-स्पेक’ या शब्दाचा खरा अर्थ इतकाच की सैन्याने ठरवून दिलेली मापं, पोलाद, मुलामा आणि चाचण्या यांची अट पूर्ण झाली. ती किमान अट असते. शिवाय दुकानातला भाग त्या सगळ्या चाचण्यांतून गेलाय की फक्त मापाने जुळतोय, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. आणि खुद्द सैन्याची निवड चुकते तेव्हा काय होतं, हे व्हिएतनामने दाखवून दिलं आहे.

१९६५ नंतर एम-१६ मोठ्या संख्येने व्हिएतनामच्या ओलसर जंगलांत पोहोचली. थोड्याच दिवसांत सैनिकांच्या तक्रारी येऊ लागल्या: झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्येच अडकते, बाहेर निघत नाही. शत्रू समोर असताना तरुण मुलं नळीत सळई घालून पुंगळी ढकलत होती. मेलेल्या सैनिकांच्या शेजारी अशा उघडलेल्या रायफली सापडल्या. रायफलच मुळात टाकाऊ आहे, हा समज तेव्हा रुजला आणि अर्ध्या शतकानंतरही तो पुरता गेलेला नाही. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने, रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, चौकशी केली तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. स्टोनर यांनी रायफल ज्या दारूवर बेतली होती, ती सैन्याने बदलून गोलकणी दारू घेतली होती. नव्या दारूने बोल्टचा वेग वाढला आणि आत काजळीही जास्त साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे दमट हवेत ती गंजायची. या रायफलला फार साफसफाई लागत नाही असा प्रचार झाल्याने पुरेसे सफाईसंच आणि प्रशिक्षणही मिळालं नव्हतं. पुढे चेंबरला मुलामा आला, सफाईचं साहित्य मिळालं, दारूचा प्रश्न हाताळला गेला, आणि तीच रायफल दशकानुदशकं टिकली. एकेक भाग स्वतंत्रपणे चांगला असूनही एकमेकांशी न जुळणारी यंत्रणा माणसं मारू शकते, ती चालवणाऱ्यांचीच माणसं. सुट्या भागांच्या कुठल्याही याद्यांपेक्षा या अहवालाने जास्त शिकवलं आहे.

काडतुसांबाबतही असाच एक धोकादायक समज आहे. ‘पॉइंट २२३ रेमिंग्टन’ आणि ‘५.५६ नाटो’ बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून ती एकच समजली जातात. दोन्हींच्या चेंबरची मापं मात्र वेगळी असतात. ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळी नळीतल्या पिळांना भिडण्याआधी थोडी जास्त मोकळी जागा असते. नाटोचं काडतूस पॉइंट २२३ च्या आखूड जागेत झाडलं तर आतला दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेतली शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची मानक संस्था तसं न करण्याचा इशारा देते. नळीवर कोरलेला शिक्का वाचायचा असतो तो यासाठी.

लांब नळी म्हणजे जास्त अचूक, हा समजही अर्धवट आहे. लांबीने प्रामुख्याने गोळीचा वेग वाढतो. अचूकता नळीच्या घडणीवर, काडतुसावर आणि गोळीला मिळणाऱ्या फिरकीवर ठरते. सुरुवातीच्या एआर-१५ मध्ये गोळी १४ इंचांत एक फेरी घ्यायची. अतिथंड, दाट हवेतल्या चाचण्यांत ती डगमगू लागली, म्हणून पीळ १२ इंचांवर आणला. पुढे एम-१६ए२ साठी जड आणि लांब गोळ्या आल्या तेव्हा तो ७ इंचांवर गेला. यातलं एकही माप सरसकट श्रेष्ठ नाही.

नळीची लांबी कायद्यातही येते. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्यानुसार १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलची संघराज्याकडे नोंदणी करावी लागते. २०२६ च्या सुरुवातीपासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, तेव्हा ‘आता बंधनच उठलं’ अशी अफवा पसरली. कर गेला, नोंदणी कायम आहे. ती न करता अशी रायफल बनवणं हा आजही गंभीर गुन्हा आहे. ‘एखादा भाग बदलला की रायफल पूर्ण स्वयंचलित होते, मग त्यात काय मोठं’ या बोलण्यात तर तुरुंगच दडलेला आहे. रूपांतरासाठी बनवलेला एकटा सुटा भागही अमेरिकी कायद्यात मशीनगन मानला जातो. सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी मे १९८६ पासून बंद आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते.

घरी बनवलेली रायफल मुळातच बेकायदा, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. अनेक अमेरिकी मालकांना उलट वाटतं: घरी बनवली की सरकारचा काही संबंधच नाही. दोन्ही चूक. ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई नाही, अशा माणसाने स्वतःच्या वापरासाठी रायफल बनवायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. राज्यांचे नियम मात्र निराळे आहेत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी क्रमांक नसलेल्या शस्त्रांवर कडक निर्बंध घातले आहेत.

क्रमांक कोणत्या भागावर हवा हा वाद सुरुवातीच्या त्या पोकळ तुकड्यापाशीच पोहोचतो. जुन्या नियमात रिसीव्हरची व्याख्या अशी होती की हॅमर, बोल्ट आणि झाडण्याची यंत्रणा सामावणारा, पुढे नळी बसणारा भाग. एआर-१५ मध्ये ही कामं वरच्या आणि खालच्या अशा दोन भागांत विभागलेली आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात २०१९ मध्ये न्यायाधीशांनी नेमकं यावर बोट ठेवलं: फक्त लोअर त्या व्याख्येत बसत नाही. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय शस्त्रविभागाने व्याख्या बदलली आणि अर्धवट घडवलेले रिसीव्हर व जुळणीचे संचही नियमाखाली आणले. त्याला आव्हान मिळालं. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला. निकाल लिहिताना न्यायमूर्ती नील गोरसच यांनी आयकियाच्या टेबलाचं उदाहरण दिलं: जुळवायला काही तास लागणार असले तरी माणूस ‘टेबल आणलं’ असंच म्हणतो.

बंदूक-नियंत्रणाच्या वादात आणखी एक गैरसमज दोन्ही बाजूंनी वापरला जातो. अमेरिकेतल्या बहुतेक हत्या अशा रायफलींनी होतात, असं एक बाजू मानते. एफबीआयच्या २०२० च्या आकड्यांत बंदुकीने झालेल्या हत्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांत रायफल वापरल्याची नोंद आहे, तर ५९ टक्क्यांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. काहींमध्ये शस्त्राचा प्रकारच नोंदलेला नव्हता. हा आकडा पुढे करून दुसरी बाजू म्हणते की मग या रायफलीचा प्रश्नच नाही. सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये २६ जण मारले गेले आणि युव्हाल्डीच्या शाळेत २०२२ मध्ये १९ मुलं आणि दोन शिक्षिका. दोन्ही ठिकाणी याच जातीची रायफल होती. टक्केवारी खरी आहे आणि त्या वर्गखोल्याही खऱ्या आहेत. एकाने दुसरं झाकणं हा अप्रामाणिकपणा आहे.

या सगळ्याचा मराठी वाचकाशी थेट संबंध दोन ठिकाणी येतो. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना वाटतं, सहकारी घेतात तर आपणही घ्यावी. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी नागरिकाला तिथे शस्त्र वा काडतूस बाळगण्याची १९९८ पासून मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. व्हिसावरच्या माणसाने ‘फक्त लोअर’ घेतला तरी कायद्याने त्याने बंदूकच घेतली.

दुसरं ठिकाण भारत. इथे ‘नुसता सुटा भाग’ हा बचाव चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय बंदूक बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान १० वर्षं. अमेरिकेतल्या दुकानात कुणीही न विचारता मिळालेली नळी किंवा बोल्ट म्हणूनच मुंबईच्या विमानतळावर शस्त्र ठरू शकतो. सुट्टीत घरी येताना बॅगेत यातलं काहीही ठेवू नये, हौस म्हणूनसुद्धा नाही आणि कुणाची भेट म्हणूनसुद्धा नाही. शंका असेल तर सामान भरण्याआधी वकिलाला विचारावं.