पाट्यातले रबर

मोटारीच्या चाकाला रबर असते, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण गाडीच्या पोटाखालीही रबर असते, ते सहसा कोणी वाकून पाहत नाही. शाळेत आम्हांला रबर माहीत होते ते पेन्सिलीचे लिहिलेले खोडण्यापुरते! गाडीखालच्या रबराचे काम फार मोठे आहे. ते गेले, तर गाडी चालवणाऱ्याचे ऐकत नाही.

उदाहरणासाठी आपण लँड रोव्हर ही जुनी गाडी घेऊ. इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीने ती १९४८ साली बाजारात आणली. पुढे बसायची जागा आणि मागे माल भरायला उघडा हौदा, अशा पिकअप गाड्या या जातीत पुष्कळ निघाल्या. दार्जिलिंगजवळ मानेभंजनहून संदकफूला चढणारी वाट आहे. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक वर्षे माणसे आणि सामान वाहिले. तेथे गाडीखालचे सगळे सांधे धड असावेच लागतात. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते.

टांग्याखाली लोखंडी पट्ट्यांची कमान आपण पाहिली असेल. तशीच कमान या गाडीच्या चारही चाकांना आहे. मिस्त्री लोक तिला पाटा म्हणतात. पाट्याची दोन्ही टोके वळवून गोल भोके केलेली असतात. एक टोक बोल्टने सरळ चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतात. दुसरे टोक दोन लहान पट्ट्यांनी टांगतात. त्या पट्ट्या म्हणजे शॅकल. वजन पडले की पाटा सपाट होतो व लांबतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून शॅकल. पाट्याच्या दोन भोकांत दोन बुश आणि शॅकलच्या वर चॅसीत एक, असे पाट्यामागे ३ झाले. साऱ्या गाडीला १२.

आता बुश म्हणजे काय ते पाहू. लोखंडाची एक बारीक नळी, तिच्याबाहेर दुसरी मोठी नळी, आणि दोहोंमध्ये घट्ट दाबून बसवलेले रबर. बाहेरची नळी भोकात पक्की बसते. बोल्ट आवळला की आतली नळीही जागच्या जागी पक्की होते. मग पाटा हलतो कसा? मधले रबर पिळले जाते! ओले धोतर पिळताना एक टोक धरून दुसरे फिरवतो, तसेच हे. खड्डा सरला की रबर पुन्हा सरळ होते. येथे काहीच घासत नाही, म्हणून येथे तेल लागत नाही. आपल्याकडे मात्र कुरकुर ऐकू आली की तेल ओतायची सवय आहे. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. हां, काही जुन्या गाड्यांत बुश धातूचे असतात व त्यांना ग्रीस भरायचे निपल असते. तेथे ग्रीस जरूर भरावे.

रबर ऊन, पाणी आणि वय यांनी तडकते. मग खड्ड्यात गाडी खाली ‘खट्ट’ वाजते आणि सरळ रस्त्यावर इकडेतिकडे ओढते. पाट्याच्या टोकाशी पहार घालून हलवून पाहावे. पाटा सैल हलला, किंवा आतली नळी एका बाजूला गेलेली दिसली, तर बुश बदलावे.

पहिली गोष्ट जिवाची. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक सरकतो, आणि माणूस दबतो. सपाट, टणक जमीन पाहावी. जमिनीवरच्या चाकांना ओट लावावी. चॅसीखाली मजबूत घोड्या द्याव्या. आसाला वेगळा जॅक द्यावा, कारण आसाला जागेवर धरणारा पाटाच आपण काढणार आहोत. एका वेळी एकच पाटा काढावा.

जुना बोल्ट बहुधा आतल्या नळीत गंजून बसलेला असतो. आदल्या दिवशी त्यावर पातळ तेल सोडावे. तरीही निघाला नाही, तर करवतीने कापावा. बुश काढताना काही जण रबर जाळतात. ते आम्हांला मुळीच पसंत नाही. धूर विषारी असतो, आणि पेट्रोलची टाकी जवळच असते. त्यापेक्षा रबर ड्रिलने पोखरावे. मग करवतीचे पाते भोकात घालून बाहेरची नळी लांबीच्या बाजूने कापावी. पाट्याला पाते लागू देऊ नये. नळी चिरली की छिन्नीने आत वळते आणि ठोकून निघते. हे काम किचकट आहे, घाई चालत नाही.

भोक साफ करून नवे बुश लांब बोल्टने किंवा शिकंज्यात दाबून बसवावे. दाब बाहेरच्या नळीच्या काठावरच द्यावा, रबरावर नव्हे.

आता खरी गोम. पाटा जोडला, तरी नट घट्ट आवळायचे नाहीत. नुसते बोटांनी चढवून ठेवायचे. चाक अधांतरी असते तेव्हा पाटा खाली लोंबतो. त्या स्थितीत नट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते, आणि रोज उभ्या-उभ्या पिळलेलेच राहते. वर खड्ड्यांचा पीळ निराळा. असे रबर लवकर फाटते, आणि लोक दुकानदाराला नावे ठेवतात. म्हणून घोड्या काढून गाडी चारही चाकांवर उभी करावी. दोन-तीन वेळा दाबून हलवावी, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मग खाली वाकून, पान्याने एकेक नट आवळावा. आठवडाभर गाडी चालली की पुन्हा एकदा साऱ्या नटांना पाना लावून पाहावा.