कारचा विमा रद्द झालाय? आधी तारीख पाहा, मगच गाडी बाहेर काढा

उल्हासनगर : कॅम्प ४ मध्ये आजही अनेकांच्या कागदपत्रांवर बॅरेक नंबर, रूम नंबर आणि सेक्शन असाच पत्ता असतो. बॅरेकच्या जागी इमारत उभी राहते, कुटुंब दुसरीकडे राहायला जाते. पण आरसी आणि विमा पॉलिसीवर जुनाच पत्ता राहतो. पॉलिसी एजंटने काढून दिली असेल, तर तिच्यावरचा मोबाइल नंबरही कधी कधी त्याचाच असतो. अशा वेळी विमा कंपनीने पॉलिसी रद्द केल्याचे पत्र किंवा मेसेज पाठवला, तरी मालकापर्यंत तो पोहोचत नाही. गाडी मात्र रोज लालचक्की, विठ्ठलवाडी, कल्याण अशी धावत असते. विमा नाही, हे कळते ते थेट अपघातानंतर किंवा चलन फाटल्यावर.

पॉलिसी रद्द होणे ही दुरुस्त करता येणारी गोष्ट आहे. पण ती कधी रद्द झाली आणि तुम्हाला कधी कळवले, या दोन तारखांवर पुढचे सगळे अवलंबून असते.

पॉलिसी रद्द का होते?

सर्वात नेहमीचे कारण म्हणजे हप्ता कंपनीकडे न पोहोचणे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. चेक वटला नाही किंवा ऑनलाइन पेमेंट मध्येच अडकले, की पॉलिसी धोक्यात येते. एजंटने रोख हप्ता घेतला असेल, तर बँक आणि पोस्टाच्या सुट्ट्या वगळून २४ तासांत तो कंपनीकडे जमा करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून एजंटचे व्हिजिटिंग कार्ड नव्हे, तर कंपनीची पावती जपून ठेवा.

दुसरे कारण चुकीच्या माहितीचे. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्या नावावर दाखवणे ही त्यातली नेहमीची चूक. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो.

मात्र हप्ता भरलेला असताना कंपनीला मनमानी करता येत नाही. विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार, फसवणूक सिद्ध झाली तरच आणि किमान ७ दिवसांची नोटीस देऊनच कंपनी पॉलिसी रद्द करू शकते.

तारखेला एवढे महत्त्व का?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पाहिले की हे स्पष्ट होते. दोन्ही प्रकरणांत हप्त्याचा चेक वटला नव्हता.

‘देडप्पा’ प्रकरणात (२००७) कंपनीने अपघाताच्या आधीच पॉलिसी रद्द करून मालकाला आणि आरटीओला कळवले होते. न्यायालयाने कंपनीची जबाबदारी मान्य केली नाही. पीडित कुटुंबाला भरपाई आधी कंपनीने द्यावी, पण ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी भार मालकावरच आला.

‘लक्ष्मम्मा’ प्रकरणात (२०१२) बसचा अपघात ११ मे २००४ रोजी झाला होता आणि पॉलिसी रद्द केल्याचे मालकाला त्यानंतर कळवले गेले. इथे अपघातग्रस्तांना भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवरच राहिली.

म्हणून आलेला लिफाफा फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का, मेसेज आणि ईमेलची तारीख हा तुमचा पुरावा आहे.

आज काय कराल?

१. गाडी जागेवरच ठेवा. थर्ड पार्टी विमा नसताना रस्त्यावर गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. खरी भीती त्यापुढची आहे. अपघातात कुणाचा जीव गेला, तर लाखोंची भरपाई घर-दुकानावर येऊ शकते.

२. खात्री करा. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर कंपनीला फोन करा. ‘पॉलिसी रद्द, लगेच पैसे भरा’ असे सांगणाऱ्या मेसेजमधील लिंक उघडू नका; तो फसवणुकीचाही प्रकार असू शकतो.

३. कारण लेखी मागा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने पॉलिसी रद्द केली, हे ईमेलवर घ्या. खात्यातून पैसे गेले असतील, तर बँकेचे स्टेटमेंट जोडा. चूक कंपनीची किंवा एजंटची असेल, तर पॉलिसी पूर्ववत करण्याची मागणी करा.

४. वाद सुरू असला तरी नवी पॉलिसी काढा. खंड पडला असेल, तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते. आधी पॉलिसी रद्द झाली होती का, असे फॉर्ममध्ये विचारले तर खरे सांगा. पैशांची अडचण असेल, तर निदान थर्ड पार्टी विमा घ्या. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये (जीएसटी वेगळा) लागतात.

५. ९० दिवस लक्षात ठेवा. आधीच्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर जमलेला नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षे क्लेम न केलेल्यांसाठी ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते.

नव्या गाडीवाल्यांची गफलत

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र अनेकदा एकाच वर्षाचे असते. ते संपले तरी कागदावर विमा चालू दिसतो. पोलिसांचा दंड चुकतो, पण पुरात गाडी बुडाली तर एक रुपयाही मिळत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेला पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. वालधुनीकाठच्या उल्हासनगर-अंबरनाथकरांनी तर पावसाळ्याआधी पॉलिसीवरील ‘ओन डॅमेज’ची तारीख वेगळी तपासावीच.

पैसे परत मिळतात का?

एक वर्षाची पॉलिसी तुम्ही स्वतः रद्द केली आणि त्या काळात क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. मात्र थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्याने गाडीचा दुसरीकडे विमा असल्याचा पुरावा मागितला जातो. आधी नवी पॉलिसी आणि मग जुनी रद्द, हाच क्रम ठेवा.

दाद कुठे मागायची?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटले नाही, तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा मागणी फेटाळली, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. ठाणे जिल्ह्यासाठी लोकपालांचे कार्यालय ठाण्यातच आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

आणि एक काम आजच करा. पॉलिसी उघडा. तिच्यावर सध्याचा पत्ता, तुमचाच मोबाइल नंबर आणि तुमचाच ईमेल आहे का, ते पाहा. नसेल तर कंपनीला कळवून बदलून घ्या.