गाव रोमन काळातलं, पण रोमनांचं नव्हे

रोमन ब्रिटन म्हटलं की मोझेकच्या फरशा आणि गरम पाण्याची स्नानगृहं आठवतात. तसा थाट मूठभरांचा होता. इ. स. 43 मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या, तरी बहुतेक लोक आपापल्या खेड्यात शेतीच करत राहिले.

कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सजवळच्या टेकडीवरचं चायसॉस्टर हे असंच एक गाव. त्याला ‘रोमन गाव’ म्हणणं हा पहिला घोटाळा. इथली घरं पक्की स्थानिक आहेत: जाडजूड दगडी भिंतीच्या लंबगोल वेढ्यात मधोमध उघडा चौक आणि भोवती खोल्या. दारासमोर, चौकापलीकडे, मुख्य गोल खोली. नैर्ऋत्येचा झोंबरा वारा आत घुसू नये म्हणून दारं त्याच्याकडे पाठ करून ठेवलेली. सांडपाण्यासाठी दगडांनी बांधलेली झाकलेली गटारं आहेत आणि घरामागे परसबागाही, म्हणजे ‘रानटी लोकांच्या झोपड्या’ हेही खोटंच. अशी चौकाची घरं फक्त लँड्स एंडच्या परिसरात आणि सिली बेटांवर सापडतात, रोममध्ये नव्हे.

गावाजवळ एक भुयार आहे. रोमनांपासून लपायला ते खोदलं, ही कथा चटकदार आहे खरी. पण कॉर्नवॉलमधली अशी भुयारं रोमन येण्याआधीच्या लोहयुगातली. ती धान्य साठवायला होती की पूजेसाठी, यावर अभ्यासक अजून भांडतात.

वस्तू फारशा सापडल्या नाहीत, म्हणून गाव दरिद्री ठरवायचं? ग्रॅनाइटवरची आम्लधर्मी माती हाडं गिळून टाकते. मागे उरतात ती मुख्यतः खापरं. शिवाय तिसऱ्या शतकाच्या सुमारास लोक गाव सोडून गेले, ते शांतपणे गेलेले दिसतात. जाळपोळीच्या खुणा नाहीत. घर बदलताना कामाचं सामान कोण मागे ठेवतं?

वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या दिन लिग्वी या वस्तीत मात्र रोमन नाणी आणि लोखंड गाळण्याच्या खुणा मिळाल्या. सगळी खेडी एका साच्यातली नव्हती.

राहिला अशा जुन्या वस्त्यांवरच्या ‘संरक्षित’ या शिक्क्याबद्दलचा समज. संरक्षित म्हणजे सगळं खणून झालेलं, असं नाही. कित्येक वस्त्या जमिनीखाली तशाच ठेवल्या आहेत. जागा सरकारजमाही होत नाही, मालक खासगी असू शकतो. मात्र इंग्लंडमध्ये 1979 च्या कायद्यानुसार अशा जागी परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं हा गुन्हा आहे, मग हाती काही लागो वा न लागो.